कीलाक्षरांना वर्णमालेचा तक्ता नसतो

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

प्राचीन लिप्यांवरचे लेख हल्ली ठिकठिकाणी वाचायला मिळतात, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र कीलाक्षर म्हणजे क्यूनिफॉर्म लिपीचा विषय निघाला, की सोबत बहुधा एक तक्ता असतो. एका बाजूला इंग्रजी २६ अक्षरे, प्रत्येकासमोर खिळ्यांसारख्या खुणांचे एक चिन्ह आणि खाली ‘आपले नाव लिहून पाहा’ अशी सूचना. कृपया आपल्या वृत्तपत्रात असा तक्ता छापू नये. प्राचीन इराकमधली अक्कादी भाषा या लिपीत लिहिणाऱ्या कोणत्याही लेखनिकाने अशी वर्णमाला कधी वापरलेली नाही. त्या लिपीत सुटे ‘क्’ किंवा ‘म्’ लिहिण्याची सोयच नव्हती. छंद म्हणून शिकायला बसलेला माणूस हा तक्ता पाठ करतो, मग मूळ मातीच्या पाटीचा फोटो समोर घेतो आणि एकही शब्द लागत नाही म्हणून विषय सोडून देतो. हे टाळता येण्यासारखे आहे, म्हणून हे जरा लांब पत्र.

खिळ्यांच्या खुणांची खरी वर्णमाला एका ठिकाणी होती. सीरियाच्या किनाऱ्यावरच्या उगारित नगरात ३० चिन्हांची अशी लिपी चालत असे. पण ती स्वतंत्र व्यवस्था आहे, तिच्या आधारे अक्कादी वाचता येत नाही. अक्कादी ही अरबी आणि हिब्रू यांच्या कुळातली सेमिटिक भाषा. तिने लिपी घेतली त्याच प्रदेशातल्या सुमेरी भाषेकडून, आणि सुमेरीचे तर कोणत्याच ज्ञात भाषेशी नाते सिद्ध झालेले नाही. उसन्या लिपीमुळे प्रत्येक चिन्हावर तीन तऱ्हेची कामे आली. ते कधी ध्वनी दाखवते, कधी अख्खा शब्द, तर कधी शेजारचा शब्द कोणत्या वर्गातला आहे एवढेच सुचवते. या शेवटच्या कामातले चिन्ह उच्चारायचे नसते. ‘अन्’ हे चिन्ह पाहा. ते ‘अन्’ किंवा ‘इल्’ असा ध्वनी देते, ‘आकाश’ किंवा ‘देव’ असा शब्दही होते, आणि देवाच्या नावाआधी आले तर ‘पुढे देवाचे नाव आहे’ एवढेच सांगून गप्प राहते. ‘उद्’ या चिन्हाचे तम्, पिर्, पर्, ख़िश् असेही उच्चार होतात. उलट ‘उ’ हा एकच ध्वनी अनेक वेगळ्या चिन्हांनी लिहिता येतो. म्हणून अभ्यासक उ, उ२, उ३, उ४ असे आकडे जोडून नेमके कोणते चिन्ह ते नोंदवतात. हे आकडे उच्चाराचे नाहीत, ओळखीचे आहेत. बाबिलोन नगराचे नाव अनेकदा का२-दिंगिर-र-कि अशा चार चिन्हांनी लिहिलेले सापडते आणि वाचायचे मात्र ‘बाबिलिम्’. त्यातले शेवटचे ‘कि’ हे स्थळनामाची खूण आहे.

याचा व्यावहारिक अर्थ असा, की भाषा आधी आणि चिन्हे मागून. नवशिक्यांना हा क्रम रुचत नाही, कारण ओढ चिन्हांचीच असते. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. अक्कादीत व्यंजनाचे द्वित्व क्रियापदाचा काळ बदलते. ‘इप्रुस्’ म्हणजे त्याने निवाडा केला, ‘इपर्रस्’ म्हणजे तो निवाडा करतो किंवा करील. आता लेखनिकाला हे दुसरे रूप इ-पर्-र-अस् असे लिहिता येते आणि द्वित्व न दाखवता इ-प-र-अस् असेही लिहिता येते. दोन्ही बिनचूकच. स्वरांचे ऱ्हस्व-दीर्घही बहुधा लिहिलेले नसते. जे लिहिलेले नाही ते वाचकाने व्याकरणाच्या जोरावर भरून घ्यायचे असते. त्यामुळे दोनशे चिन्हे येतात पण भाषा येत नाही, अशा माणसाला एक साधे वाक्यही लागत नाही. भाषा येते आणि साठ चिन्हे येतात, तो मात्र चिन्हांची सूची शेजारी ठेवून बरेच पुढे जातो.

अक्कादीचे लिखित आयुष्य सुमारे अडीच हजार वर्षांचे. त्यातली सुरुवात करायची ती जुन्या बाबिलोनीपासून, म्हणजे साधारण इ.स.पू. २००० ते १६०० या काळातल्या भाषेपासून. या काळात नामांचे विभक्तिप्रत्यय अजून शाबूत आहेत आणि काटेकोरपणे वापरलेले दिसतात. पुढे शेवटचा ‘म्’ गळतो, मग प्रत्ययही एकमेकांत मिसळू लागतात आणि नवशिक्याचा हातचा आधार जातो. संस्कृतच्या आठ विभक्तींशी झगडलेल्याला इथे फक्त तीन भेटतात. कर्त्याला -उम्, कर्माला -अम्, आणि षष्ठीला व शब्दयोगी अव्ययानंतर -इम्. डोळे, हात, पाय अशा जोडीच्या गोष्टींसाठी द्विवचन आहे. क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. सेमिटिक भाषांत हे वेगळे दिसते आणि सुमेरीच्या सहवासाचा तो परिणाम मानला जातो, पण मराठी वाचकाला त्यामुळे वाक्य ओळखीचे वाटते. क्रियापदाला चिकटणारे ‘-म’ हे शेपूट ‘आणि मग’ असा दुवा जोडते. मराठीत आपण जिथे ‘जाऊन’, ‘करून’, ‘ठेवून’ असे म्हणत वाक्य पुढे ओढतो, जवळजवळ तिथेच ते येते.

अवघड भाग क्रियापदाचा आहे आणि त्याला आडवाट नाही. बहुतेक धातू तीन व्यंजनांचे असतात. प्-र्-स् या धातूपासून इप्रुस्, इपर्रस्, पूर्ण काळाचे इप्तरस् ही रूपे आणि ‘परासुम्’ हे कोशात सापडणारे भाववाचक रूप होते. त्यानंतर मधले व्यंजन दुप्पट करणारा गण, ‘श’ जोडून ‘करवणे’ असा अर्थ देणारा प्रयोजक गण आणि ‘न’चा कर्मणी गण. या चार गणांचे तक्ते एका कागदावर स्वतःच्या हाताने आखून समोर लावावेत. ज्या धातूंत एखादे व्यंजन दुबळे असते, म्हणजे न्, व्, य् किंवा कंठातला झटका, तिथे रूपे आखडतात. बहुतेक लोक अडतात ते याच टप्प्यावर. इथे वेग निम्मा करावा, पुढचा धडा उघडू नये.

जॉन ह्युनरगार्ड यांचे ३८ धड्यांचे इंग्रजी व्याकरण स्वशिक्षणाला सर्वांत सोयीचे आहे, असे माझे मत आहे. त्याची उत्तरपुस्तिका वेगळी निघते आणि ती नसेल तर एकट्याने शिकणाऱ्याला आपली चूक कळत नाही, म्हणून दोन्ही बरोबरच मिळवावीत. आठवड्याला एक धडा ही गती सुरुवातीला जमते, पुढे दहा-पंधरा दिवसांना एक होते. रोज अर्धा तास आणि रविवारी सहा तास यांत रोजचा अर्धा तास कितीतरी पटींनी फळतो, कारण रूपे विसरण्याचा वेग मोठा आहे.

हे सगळे प्रत्यक्षात कसे चालते, ते बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यातल्या १९६व्या कलमावरून दाखवता येईल. ते असे लिहिलेले आहे: शुम्-म अ-वि-लुम् इ-इन् दुमु अ-वि-लिम् उख़्-तप्-पि-इद् इ-इन्-शु उ-ख़-अप्-प-दु. ही २३ चिन्हे. मूळ लेखात शब्दांमध्ये मोकळी जागा नाही. शब्द कुठे संपतो हे आपणच ठरवायचे, त्यातल्या त्यात मदत अशी की अक्कादीत ओळीच्या शेवटी शब्द सहसा तोडत नाहीत. यातला ‘दुमु’ हा सुमेरी शब्द आहे. लेखनिकाने एका चिन्हात काम भागवले, वाचताना मात्र तिथे अक्कादी ‘मार्’ म्हणजे ‘पुत्र’ असे म्हणायचे. ‘अ-वि-लुम्’मधला ‘वि’ ज्या चिन्हाने लिहिला आहे त्याचे नाव ‘पि’ आहे. आणि ‘तप्-पि’मधला ‘पि’ लिहिलाय तो ‘बि’ या चिन्हाने! जुन्या बाबिलोनीत ही नेहमीची रीत आहे. चिन्हाला एकच उच्चार चिकटवून पाठ करणाऱ्याची इथे हमखास गल्लत होते.

दुसरी पायरी म्हणजे तुकडे जोडून शब्द उभे करणे: शुम्म अवीलुम् ईन् मार् अवीलिम् उख़्तप्पिद्, ईन्शु उख़प्पदू. आता पाहा, शेवटचा ‘दू’ दीर्घ आहे हे चिन्हांत कुठेच नाही. तो अनेकवचनी कर्त्याचा प्रत्यय आहे, म्हणून आपण दीर्घ केला. ‘उख़्तप्पिद्’मधला ‘त’ धातूचा नाही, तो पूर्ण काळाचा आहे. धातू ख़्-प्-द्, मधले व्यंजन दुप्पट होणारा गण. मग अर्थ लागतो: एखाद्या स्वतंत्र माणसाने दुसऱ्या स्वतंत्र माणसाचा डोळा फोडला, तर त्याचा डोळा फोडतील.

वहीत प्रत्येक ओळीसाठी चार ओळी सोडाव्यात. पहिलीत चिन्हे, दुसरीत तुटक लिप्यंतर, तिसरीत जोडलेले शब्द, चौथीत अर्थ. तिसरी ओळ गाळून थेट अर्थावर उडी मारण्याचा मोह फार होतो. तो आवरावा, कारण व्याकरण खरोखर समजले की नुसता अंदाज बांधला, हे फक्त तिसऱ्या ओळीतच उघड होते.

आता देवनागरीबद्दल. पाठांतरासाठी ती रोमनपेक्षा चांगली आहे. ‘त’ म्हटले की अ-कार आपोआप येतो आणि अक्कादी चिन्हेही स्वरासह अख्खा ध्वनीच दाखवतात. पण काही पथ्ये पाळावी लागतात. जोडाक्षर करू नये, ‘शुम्म’ऐवजी ‘शुम्-म’ असे चिन्हागणिक तोडून लिहावे, नाहीतर किती चिन्हे होती याचा हिशेबच राहत नाही. शब्दाच्या शेवटी व्यंजन असेल तर पाय मोडावाच. मराठीत आपण तो न लिहिता चालवून घेतो, इथे ‘अन्’ आणि ‘अ-न’ हे वेगवेगळे लेखन आहे. रोमनमध्ये ज्या ‘टी’ आणि ‘एस’खाली टिंब असते ते ठसकेदार ध्वनी आहेत, त्यांसाठी ट किंवा ष वापरू नये, त़ आणि स़ असा नुक्ता द्यावा. ख़ हा ‘ख़बर’मधला, घशातून घासत येणारा. ‘ए’ आपल्याकडे दीर्घच असतो, अक्कादीत तो ऱ्हस्वही आहे, त्याला एखादी खूण ठरवून घ्यावी. सुमेरी शब्दचिन्हे रोमनमध्ये मोठ्या अक्षरांत लिहितात. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नसल्यामुळे अशा शब्दाभोवती चौकट करावी. आणि इतके करूनही रोमन लिप्यंतर शिकून घ्यावेच लागते, कारण कोश आणि संगणकावरचे सगळे संग्रह त्याच वळणाने शोधता येतात.

चिन्हे पाठ करण्याचा क्रम चार हजार वर्षांपूर्वीच्या शाळांनी घालून दिलेला आहे. निप्पूर नगरातल्या पाट्यांवर मुलांचे पहिले धडे सापडले आहेत. त्यात तु-त-ति, नु-न-नि, बु-ब-बि अशा रांगा येतात. ही त्यांची बाराखडीच म्हणायची, फक्त स्वरांचा क्रम उ, अ, इ. मात्र आपल्या बाराखडीत ‘त’ला उकार दिला की ‘तु’ होतो, मूळ आकार तोच राहतो. तिथे तसे काही नाही. तु, त, ति या तीन चिन्हांच्या आकारात कसलेही साम्य नाही, प्रत्येक स्वतंत्रपणे लक्षात ठेवावे लागते. या रांगांनंतर अक्, इक्, उक् अशी उलट्या बांधणीची चिन्हे घ्यावीत. त्यात एक दिलासा आहे: अग्, अक् आणि अक़् यांना एकच चिन्ह, तसेच अब् आणि अप् यांना एकच. अख़्, इख़्, उख़् हे तर तिन्ही एकाच चिन्हाने लिहिता येतात. आठवड्याला आठ-दहा चिन्हे पुरे. मोठ्या चिन्हसूचीत नऊशेच्या आसपास नोंदी असतात, ते पाहून घाबरण्याचे कारण नाही. अनातोलियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) कानेश येथे व्यापार करणाऱ्या अश्शुरी, म्हणजे उत्तर इराकमधल्या अश्शुर नगराच्या, व्यापाऱ्यांची पत्रे शे-दीडशे चिन्हांत भागत असत.

चिन्हांचे रूप कोणत्या काळचे शिकायचे, यावर जाणकारांत दोन मते आहेत. हम्मुराबीचा दगड वाचायचा म्हणून त्याच वळणाची चिन्हे शिकावीत असे काही म्हणतात. मी नव-अश्शुरी, म्हणजे इ.स.पू. पहिल्या सहस्रकातली, रूपे आधी शिकावीत या बाजूचा आहे. ती सरळ, आखीव आहेत, त्यांत खिळे कमी आहेत, आणि मुख्य म्हणजे चिन्हसूचींची मांडणी त्याच रूपांवर केलेली असते: आधी आडव्या खिळ्याने सुरू होणारी, मग तिरक्या, मग कोनाच्या, शेवटी उभ्या. ते रूप माहीत नसेल तर सूचीत चिन्ह शोधणेच जमत नाही. पहिली शंभर चिन्हे पक्की होईपर्यंत दोन वळणे मिसळू नयेत. ‘उम्’ आणि ‘दुब्’, ‘कु’ आणि ‘लु’ अशा सारख्या दिसणाऱ्या जोड्या शेजारी-शेजारी लिहून फरकाच्या खिळ्यावर बोट ठेवावे, वेगवेगळ्या दिवशी शिकल्या तर त्या कायमच्या अदलाबदल होतात. संगणकावर आणखी एक फसगत होते. २००६ पासून युनिकोडमध्ये कीलाक्षरे आहेत, पण युनिकोड फक्त ‘चिन्ह कोणते’ एवढे ठरवते, ते कोणत्या काळच्या वळणाचे दिसेल ते फाँटवर अवलंबून असते. तीच ओळ दोन यंत्रांवर दोन तऱ्हेची दिसली तर मजकूर बदललेला नसतो.

कंटाळा येऊ लागला तर मध्ये अंक घ्यावेत, ते दोन दिवसांत येतात. उभा खिळा म्हणजे एक, कोनाची खूण म्हणजे दहा, आणि ५९ नंतर पुन्हा उभा खिळा, आता साठ या अर्थाने. कोन मग खिळा म्हणजे ११, खिळा मग कोन म्हणजे ७०. शून्य नसल्यामुळे एकटा खिळा १ आहे, ६० आहे की साठावा भाग, हे संदर्भावरून ठरवायचे. येल विद्यापीठाच्या संग्रहात एक तळहाताएवढी गोल पाटी आहे. तिच्यावर चौरस आणि त्याचे कर्ण काढलेले असून कर्णावर १, २४, ५१, १० असे अंक आहेत. साठाच्या पटीत मांडले की हे दोनचे वर्गमूळ येते, १.४१४२१२९..., खऱ्या किमतीशी पाच दशांश स्थळांपर्यंत जुळणारे. बाजूवर ३० आणि कर्णाखाली ४२, २५, ३५ असा गुणाकार. ही पाटी फोटोवरून शिकाऊ माणसाला पहिल्याच आठवड्यात स्वतः वाचता येते, आणि तो आनंद खरा असतो.

नाव लिहायचेच असेल तर तेही योग्य रीतीने लिहिता येते. ‘सुनीता’ म्हणजे सु-नि-त, दीर्घ दाखवायचा असेल तर सु-नि-इ-त. ‘मोहन’मध्ये दोन अडचणी, अक्कादीत ‘ओ’ मानत नाहीत आणि आपला ‘ह’ही नाही, म्हणून मु-ख़-अन्. शेवटचे ‘हन्’ असे दोन चिन्हांत, मधला स्वर दुहेरी लिहून बसवायचे असते. ‘प्रिया’ची सुरुवात जोडाक्षराने होते, ते चालत नाही, पि-रि-य असे सोडवावे लागते. ‘अनंत’च्या शेवटी दोन व्यंजने येतात, तिथे अक्कादीच्या रीतीने कर्त्याचा प्रत्यय लावून अ-न-अन्-तु करावे. पुरुषाच्या नावाआधी एक उभा खिळा आणि स्त्रीच्या नावाआधी ‘स्त्री’ या अर्थाचे चिन्ह ठेवण्याची पद्धत होती. आपल्या पुरवणीत मुलांसाठी काही छापायचे असेल तर या तु-त-तिच्या रांगा छापाव्यात. देवनागरी येणारे मूल त्या पटकन उचलेल.

मातीवर लिहून पाहिल्याशिवाय चिन्हांचे आकार नीट कळत नाहीत. कागदावर आपण खिळ्याचे डोके म्हणून त्रिकोण रंगवतो, मातीत तो काठीचा कोपरा दाबल्यावर आपोआप उमटतो. पाच-सहा मिलिमीटर जाडीची चौकोनी लाकडी काडी घ्यावी, तिचे टोक काटकोनात साफ कापलेले असावे. गोल काडीने किंवा टोकदार खिळ्याने हे साधत नाही. मातीची वडी सुमारे सात सेंटिमीटर लांब, पाच रुंद आणि दीड ते दोन जाड. काडी दाबायची आणि उचलायची, ओढायची नाही. ओढली की कडेला मातीचा वळ उठतो आणि पुढचा खिळा बुजतो. काडी जितकी आडवी धराल तितकी शेपटी लांब, उभी धरलीत की नुसता कोन उमटतो. माती काडीला चिकटत असेल तर ती फार ओली आहे, थोडा वेळ उघडी ठेवावी. खिळ्याच्या कडा भुरभुरत असतील तर सुकली आहे, मळून पुन्हा पाणी द्यावे. उभ्या खिळ्याचे डोके वर आणि आडव्याचे डावीकडे, ही तपासणी कायम करावी. डोके उजवीकडे आले असेल तर काडी उलटी धरली गेली आहे. मनगट वाकडे करण्यापेक्षा डाव्या हातातली वडी किंचित फिरवणे सोपे जाते. एक बाजू भरली की वडी पुस्तकाच्या पानासारखी उलटू नये. खालच्या कडेवरून वर उलटावी, कारण मूळ पाट्यांवर मजकूर खालच्या कडेवरून मागे जातो. सुकवताना उन्हात ठेवली तर वरचा थर आधी आकसतो आणि तडे जातात, सावलीत, अधूनमधून उलटत, आठवडाभर लागू द्यावा. भाजण्याची गरज नाही. प्राचीन पाट्याही बहुतेक नुसत्या सुकवलेल्याच असत. अश्शुरी राजधानी निनवेच्या राजवाड्यातल्या अनेक पाट्या भाजल्या गेल्या त्या इ.स.पू. ६१२ मध्ये शहर जळाले तेव्हा.

फोटो वाचतानाही प्रकाशाचे भान लागते. पाटीवर प्रकाश वरून डावीकडून तिरका पडलेला असेल तर खिळे खोल दिसतात. विरुद्ध बाजूने पडला तर तेच खिळे वर आलेले भासतात आणि ओळखीचे चिन्हही परके होते. अशा वेळी फोटो १८० अंशांत फिरवून पाहावा, खोली लक्षात आली की पुन्हा सरळ करावा. हम्मुराबीच्या शिळेचे फोटो पाहून गोंधळ होतो त्याचे कारण मात्र वेगळे. सव्वादोन मीटर उंचीच्या त्या शिळेवर, आता ती लूव्र संग्रहालयात आहे, जुन्या प्रथेप्रमाणे चिन्हे छापील रूपाच्या मानाने काटकोनात वळलेली आहेत.

कोशाबद्दल थोडे. शिकागो विद्यापीठाचा अक्कादी कोश १९२१ साली सुरू झाला आणि जवळजवळ ९० वर्षांनी पुरा झाला. त्याचे २१ खंड विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. त्यात शब्द सापडत नाही अशी तक्रार हमखास ऐकू येते, आणि दोष कोशाचा नसतो. तिथे शब्द पुढच्या काळच्या रूपाने लावले आहेत. शेवटचा ‘म्’ नाही आणि सुरुवातीचा ‘व्’ही गळालेला. ‘वर्दुम्’ पाहायचा तर ‘अर्दु’खाली, ‘वशाबुम्’ पाहायचे तर ‘अशाबु’खाली. क्रियापद नेहमी भाववाचक रूपाखाली शोधावे, म्हणजे वरचे ‘उख़्तप्पिद्’ हे ‘ख़ुप्पुदु’खाली. रोजच्या कामाला मात्र एका खंडातला संक्षिप्त कोश पुरतो. मोठा कोश उदाहरणे पाहण्यासाठी उघडावा.

वाचनाची सुरुवात कायद्यांपासून करावी. वाक्ये आखूड, ‘शुम्म’ने म्हणजे ‘जर’ने सुरू होणारी, आणि तीच ती क्रियापदे पुन्हा पुन्हा. त्यानंतर जुन्या बाबिलोनी पत्रांकडे वळावे. ‘अन अमक्याला क़िबीम, उम्म तमका-म’, म्हणजे ‘अमक्याला सांग, तमका असे म्हणतो’, ही सुरुवात ठरलेली असते, त्यामुळे पहिल्या दोन ओळी कायम ओळखीच्या निघतात. एआ-नास़िर या तांब्याच्या व्यापाऱ्याला लिहिलेले तक्रारीचे पत्र आज फार प्रसिद्ध आहे आणि सगळ्यांना तेच आधी वाचायचे असते. ते दहा-पंधरा सोपी पत्रे झाल्यावर घ्यावे. गिल्गमेश या राजाच्या साहसांचे महाकाव्य त्याहून पुढे ठेवावे, त्याची प्रमाण संहिता काव्यभाषेत आहे, विभक्ती विस्कळीत आहेत आणि तुटलेल्या जागा शेकडो आहेत. पाट्यांचे फोटो, लिप्यंतरे आणि हाताने काढलेल्या प्रती सीडीएलआय (क्यूनिफॉर्म डिजिटल लायब्ररी इनिशिएटिव्ह) या इंटरनेटवरच्या संग्रहात खुल्या आहेत. तिथे ३ लाखांहून अधिक नोंदी असून प्रत्येक पाटीला ‘पी’ने सुरू होणारा सहा अंकी क्रमांक आहे. वहीत तो क्रमांक लिहून ठेवावा, म्हणजे पुढे कोणाला दाखवताना शोधाशोध होत नाही. आधी छापील चिन्हे, मग हाताची प्रत आणि त्यानंतरच फोटो, असा क्रम ठेवावा.

शिक्षक नसताना आपले वाचन बरोबर आहे हे कसे तपासायचे? यासाठी १८५७ सालची युक्ती आजही उपयोगी पडते. तेव्हा कीलाक्षरांचा उलगडा खरा की कल्पित, यावर वाद होता. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे अश्शुरी राजा तिग्लथ-पिलेसर पहिला याच्या एका कीलाक्षरी लेखाची चार जणांनी स्वतंत्रपणे केलेली भाषांतरे आली आणि ती एकत्र उघडण्यात आली. मुख्य आशय जुळला. ते चौघे म्हणजे लष्करी अधिकारी रॉलिन्सन, आयर्लंडमधले धर्मगुरू हिंक्स, छायाचित्रणाच्या आद्य संशोधकांपैकी टॅल्बट आणि फ्रान्समधले अभ्यासक ओपर्ट. यांतले बहुतेक जण आपला व्यवसाय सांभाळून हे करत होते. पुढे १८७२ मध्ये गिल्गमेशातली जलप्रलयाची कथा ओळखणारा जॉर्ज स्मिथही मूळचा नोटांच्या छपाईचे ठसे कोरणारा कारागीर, त्याने ही लिपी स्वतःच आत्मसात केली होती. तेव्हा दोन-तीन जणांनी एकच कलम घेऊन एकमेकांना न विचारता चारही ओळी लिहाव्यात आणि मग वह्या उघडाव्यात. फरक जिथे पडेल तिथेच शिकायचे असते. अर्थ जुळला पण तिसरी ओळ जुळली नाही, तर अर्थ अंदाजाने आला आहे असे समजावे.

एका बाबतीत मात्र आग्रहाने सांगतो. विषयाची गोडी लागल्यावर खरी पाटी आपल्याकडे असावी असे वाटू लागते, आणि इंटरनेटवर त्या विकायला दिसतात. त्या घेऊ नयेत. १९९० नंतर इराकमधून लुटून नेलेल्या वस्तूंचा त्यात मोठा भरणा आहे. ६ ऑगस्ट १९९० नंतर बेकायदा बाहेर गेलेल्या इराकी सांस्कृतिक वस्तूंच्या व्यापाराला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या २००३ सालच्या १४८३ क्रमांकाच्या ठरावाने मनाई केली आहे. गिल्गमेशातल्या स्वप्नाचा भाग असलेली एक पाटी अशाच वाटेने अमेरिकेत पोचली होती, ती २०२१ मध्ये इराकला परत करावी लागली. लुटारू पाटी खणून काढतो तेव्हा ती कोणत्या खोलीत, कोणत्या पाट्यांसोबत होती ही माहिती कायमची नष्ट होते, आणि पत्र कोणाच्या घरातले होते हे मग कोणालाही सांगता येत नाही. बाजारात बनावट पाट्याही भरपूर आहेत. त्यांवरची चिन्हे अनेकदा नुसती खिळ्यांची नक्षी असते, एक ओळही वाचता येत नाही. हाताळायला वस्तू हवी असेल तर संग्रहालयांनी काढलेल्या प्रतिकृती मिळतात. काही पाट्यांच्या त्रिमितीय प्रतिमा खुल्या आहेत, त्यांवरून छापून घेता येते, आणि पडद्यावर त्यांच्यावरचा प्रकाश हव्या त्या बाजूने फिरवता येतो. वाचनाच्या सरावाला ही सोय काचेमागच्या मूळ पाटीपेक्षाही जास्त कामाची आहे.

आपला,
एक वाचक